नवं घर आहे, मग तपासायचं काय?

नोकरीला चार-पाच वर्षं झाली, डाउन पेमेंटपुरते पैसे साठले की वाकड, खराडी, ठाणे, कल्याण अशा चकरा सुरू होतात. मोबाइल घेताना दहा रिव्ह्यू बघणारे आपण, वीस वर्षांचा हप्ता अंगावर घेताना मात्र सॅम्पल फ्लॅटवर भाळतो. चावी, पेढे, वास्तुशांत... आणि पहिल्याच पावसात बेडरूमच्या भिंतीला ओल!

म्हणूनच मुंबई-पुण्यात ताब्याआधी घर तपासून देणाऱ्यांचा धंदा उभा राहिलाय. साध्या पाहणीपासून थर्मल कॅमेऱ्यापर्यंत पॅकेजेस आहेत. नव्या फ्लॅटला यातलं कोणतं घ्यायचं?

‘बँकेने पाहणी केलीये की!’ असं म्हणत असाल तर थांबा. बँकेचा माणूस घराची किंमत कर्जाला पुरेशी आहे का, ते बघतो. टाइल्स पोकळ आहेत का, हे बघणं त्याचं काम नाही. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रही इमारत वापरायला परवानगी देतं, फिनिशिंगची हमी देत नाही.

ब्रिटनमध्ये ‘रिक्स’ या सर्व्हेअरांच्या संस्थेने घरतपासणीच्या तीन पातळ्या ठरवल्यात. सगळ्यात साधी पहिली पातळी नव्या किंवा चांगल्या अवस्थेतल्या घरांसाठी, तर तिसरी जुन्या, बदल केलेल्या घरांसाठी. हाच हिशेब आपल्याकडेही लावता येतो. नव्या फ्लॅटला बहुतेक वेळा साधी तपासणी पुरते. फक्त तिच्यात या गोष्टी हव्यातच: बाथरूमच्या जाळीला बूच लावून चोवीस तास पाणी साठवायचं आणि खालच्या फ्लॅटचं छत बघायचं. टाइल्सवर नाणं वाजवून पोकळ आवाज येतो का ऐकायचं. प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग, सगळे नळ, दारं-खिडक्या बघायच्या. आणि कार्पेट एरिया करारातल्या आकड्याशी मोजून ताडायचा.

पण भिंतीच्या आत, स्लॅबच्या पोटात काय आहे, ते यात कळत नाही. तुळईला किंवा खांबाला तडा दिसला, किंवा रिसेलचा पंधरा-वीस वर्षं जुना फ्लॅट असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरच गाठा. तिथे पैसे वाचवू नका.

आता खरी मेख. 2016च्या रेरा कायद्याच्या कलम 14(3)नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष तुम्ही लक्षात आणून दिलात, तर बिल्डरने तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचाय. नाही केला तर भरपाई. म्हणजे हक्क आहे, पण दोष दाखवायचं काम तुमचं. ‘तुमच्या वापरानेच झालंय’ हे बिल्डरचं ठरलेलं उत्तर असतं. तेव्हा कामाला येतो तो ताब्याच्या दिवसाचा, फोटो आणि तारखेसकटचा रिपोर्ट. साध्या तपासणीची खरी किंमत इथे वसूल होते.

त्यामुळे क्रम चुकवू नका. ताबापत्रावर ‘घर सुस्थितीत मिळालं, तक्रार नाही’ अशी ओळ बऱ्याचदा छापलेली असते. तपासणी सहीच्या आधी करा, दोषांची यादी बिल्डरला ईमेल करा, दुरुस्तीची तारीख लेखी मागा. ओसीनंतर ताबा घ्यायला कायद्याने 2 महिने दिलेत. ‘आजच चावी घ्या’ म्हणून कुणी घाई केली, तर हे त्याला शांतपणे सांगा.