मायक्रॉन मोजणार कोण?

वर्धा तालुक्यातल्या आंजी (मोठी)चा शेतकरी मिरचीसाठी मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायची प्लास्टिकची फिल्म, घ्यायला जातो तेव्हा दुकानदार आधी मायक्रॉन विचारतो. वीसचा देऊ, पंचवीसचा की तीसचा? भावही त्यावरच ठरतो. शेतकरी रोलचं टोक सोडवतो, चिमटीत धरून ताणतो, उजेडाकडे धरून पाहतो आणि पैसे देतो. रोलवर छापलेला आकडा खरा की खोटा, हे त्या दुकानात कोणालाच सांगता येत नाही. दुकानदारालाही नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केससुद्धा साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. पंचवीस आणि वीस यांतला फरक बोटांना कळणं अशक्य आहे. पण तेवढ्याच फरकात रोलमधला पाचवा हिस्सा माल गायब झालेला असतो.

सरकारचा कारभारही याच आकड्यावर चालतो. तीन-चार महिन्यांच्या भाजीपाल्याला २५ मायक्रॉन, पपईसारख्या वर्षभराच्या पिकाला ५०, त्याहून दीर्घ पिकांना १०० किंवा २०० अशी कृषी विभागाची शिफारस आहे. फलोत्पादन अभियानाच्या आधीच्या मापदंडात मल्चिंगला हेक्टरी ३२,००० रुपये खर्च धरून त्याच्या निम्मं, म्हणजे १६,००० रुपये अनुदान होतं. शेततळ्याच्या अस्तरीकरणाला ५०० मायक्रॉनची फिल्म लागते. अर्ज, पूर्वसंमती, देयक, मोका तपासणी या प्रत्येक टप्प्यावर कागदात मायक्रॉन आहेत. तपासणीला येणारा कर्मचारी मात्र टेपने लांबी-रुंदी घेतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि जाडीच्या रकान्यात दुकानाच्या बिलावरचा आकडा उतरवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात दुसरं काही दिलेलंच नाही.

प्लास्टिकच्या पिशव्यांच्या बाबतीतही हेच घडलं. १९९९च्या केंद्रीय नियमांत कॅरीबॅगला किमान २० मायक्रॉनची अट होती, २०११ मध्ये ती ४० झाली, २०१६ मध्ये ५०. पुढे ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. महाराष्ट्र तर २००५च्या महापुरानंतर केंद्राच्याही पुढे जाऊन ५० मायक्रॉनवर आला होता आणि २०१८ मध्ये त्याने थेट बंदीच घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. केंद्राच्या २०१६च्या नियमांनी पहिल्यांदा खेड्यांनाही कक्षेत घेतलं आणि ग्रामीण भागात अंमलबजावणीचा अधिकार ग्रामपंचायतीला दिला. म्हणजे आंजीच्या बाजारात भाजीवाल्याच्या हातातली पन्नी कायदेशीर की बेकायदेशीर, हे ठरवण्याचं काम ग्रामपंचायतीचं. अधिकार आला, जबाबदारी आली. पन्नीची जाडी मोजायचं यंत्र मात्र आलं नाही. गेल्या पंचवीस वर्षांत आपण आकडा अनेकदा बदलला, पण तो मोजायचा कसा याची चिंता एकदाही तितक्या गांभीर्याने केली नाही.

यंत्र घ्यायला पैसे नाहीत असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं की इथे पैशांपेक्षा वर्णनाची अडचण मोठी आहे. कार्यालयाने मागणीपत्रात नुसतं ‘मायक्रोमीटर’ लिहिलं की वर्कशॉपमध्ये लेथवर वापरतात तो स्क्रूगेज येऊन पडतो. त्याचं लघुत्तम माप बहुधा ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. तीस मायक्रॉनची फिल्म अशा साधनाने मोजणं म्हणजे एक तृतीयांश चूक आधीच मान्य करणं. त्यात स्क्रू जरा जास्त आवळला की मऊ फिल्म दबते आणि आकडा आणखी घसरतो. फिल्मसाठी लागतो तो एक मायक्रॉनपर्यंत वाचणारा, सपाट पायाचा, ठरावीक हलक्या दाबाचा डायल गेज. दहा घड्या करून मोजावं आणि दहाने भागावं, असा सोपा उपाय काही जण सुचवतात. घड्यांमध्ये हवा अडकते आणि बारीक फिल्म उगाचच जाड ठरते. शिवाय फुग्यासारखी फुगवून काढलेली फिल्म सगळीकडे सारखी नसते. एका बाजूला २७ तर दुसऱ्या बाजूला २२ असं होतं. रुंदीभर अनेक ठिकाणी मोजून सरासरी आणि सर्वांत पातळ जागा, दोन्ही नोंदवावी लागतात. शेततळ्याच्या फिल्मचं दुखणं वेगळं. ती विणलेल्या पट्ट्यांच्या कापडावर दोन्ही बाजूंनी थर चढवून केलेली असते, पृष्ठभाग खडबडीत असतो, आणि गेजचा पाय लहान की मोठा यावर आकडा बदलतो.

हे सगळं खरेदीच्या वर्णनात लिहायला जाणकार माणूस लागतो. तो नसला की सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते आणि सर्वांत स्वस्त वस्तू येते. आली तरी दरवर्षी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तिचं कॅलिब्रेशन करून घ्यायचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे ठरलेलं नसतं. मग ज्याला दंड झाला तो दुकानदार विचारतो, तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासलं? उत्तर नसतं आणि कारवाई तिथेच मोडते. फिल्म बनवणाऱ्या कारखान्यातल्या एक्स्ट्रूडरवर मात्र बीटा किरणांनी जाडी मोजणारे गेज कधीचे आहेत. फिल्मला हात न लावता, ती धावत असतानाच ते दर क्षणाला आकडा देतात. म्हणजे बनवणाऱ्याला मायक्रॉन ठाऊक असतात. अंधारात राहतो तो विकत घेणारा आणि तपासणारा.

तोवर शेतकऱ्याने हात बांधून बसावं असं नाही. पॉलिथिनची घनता साधारण ०.९२ धरली तर एक चौरस मीटर, ३० मायक्रॉनची फिल्म सुमारे साडेसत्तावीस ग्रॅम भरते. १.२ मीटर रुंद आणि ४०० मीटर लांब रोल ३० मायक्रॉनचा असेल तर आतली नळी वगळून सव्वातेरा किलोच्या आसपास यायला हवा, २५चा असेल तर अकरा किलो. नऊ किलोच्या आतच काटा थांबला तर रोल विसाचा आहे, किंवा लांबीत मारलेला आहे. वर्ध्याला ही रीत नवी नाही. चरखा संघाच्या काळापासून इथे सुताचा नंबर असाच काढतात: ६४० तारांची गुंडी वजनाला लावायची, लांबी ठरलेली, वजन कमी तितकं सूत बारीक. डोळ्यांना न दिसणारी जाडी काट्यावर आणायची ही विद्या सेवाग्राम परिसरातल्या कातणाऱ्या घरांत मुलांनाही येत होती.

पण एवढ्यावर भागत नाही. फिल्ममध्ये चुनखडीची भुकटी मिसळली की वजन वाढतं आणि ताकद घटते. चुनखडीची घनता २.७, म्हणजे प्लास्टिकच्या जवळजवळ तिप्पट. असा माल काट्यावर पास होतो आणि उन्हात महिनाभरात चिरतो. वजन आणि गेज दोन्ही लावून त्यांचा मेळ बसतो का हे पाहिलं तरच लबाडी पकडता येते.

नुकसान एका हंगामापुरतं नसतं, म्हणून हा विषय लावून धरायला हवा. पातळ पेपर पीक निघाल्यावर अख्खा उचलला जात नाही. त्याच्या चिंध्या होतात, त्या वखराच्या पासेला आणि रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळल्या जातात, उरलेल्या काळ्या मातीत गाडल्या जातात आणि कुजत नाहीत. चीनच्या शिनजियांगमध्ये कापूस फिल्मखालीच घेतात. तिथे ८ मायक्रॉनच्या फिल्मने जमिनीत तुकड्यांचे थर साचले. अखेर २०१७ च्या राष्ट्रीय मानकात चीनला किमान जाडी १० मायक्रॉन करावी लागली. दोन मायक्रॉनसाठी एवढ्या मोठ्या देशाने मानक बदललं, कारण पेपर सलग उचलता येणं न येणं तेवढ्या फरकावर अवलंबून होतं. कपाशी हेच ज्या जिल्ह्याचं मुख्य पीक, त्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मागणी फार मोठी नाही. वर्धा तालुका कृषी कार्यालयात एक मायक्रॉन वाचणारा फिल्म गेज, दहा सेंटिमीटरचा चौकोनी नमुना कापायचा साचा आणि सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचे भाग दाखवणारा काटा, एवढं एका पेटीत ठेवावं. गेजचं वर्णन कार्यालयातल्या लिपिकाने लिहू नये, ते जाणकारांकडून घ्यावं. चंद्रपूरला सिपेट ही प्लास्टिक तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे, वर्ध्यात मगनवाडीला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. वार्षिक कॅलिब्रेशनचा खर्च खरेदीच्या आदेशातच पाच वर्षांसाठी धरावा. आंजीसह तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी जप्त केलेल्या पन्न्यांचे नमुने त्याच टेबलावर तपासावेत आणि यंत्राच्या क्रमांकासह लेखी आकडा द्यावा, म्हणजे दंड टिकेल. अनुदानाच्या देयकात ‘बिलाप्रमाणे मायक्रॉन’च्या शेजारी ‘मोजलेले मायक्रॉन’ असा दुसरा रकाना घालावा, आणि तो रिकामा असेल तर देयक पुढे जाऊ नये.