उचल घेतली म्हणजे पाय गहाण पडले का?

दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी भागातली गावं ऊसतोडीला निघून ओस पडू लागतात आणि त्याच सुमारास एक ठरलेलं रडगाणं सुरू होतं. मजूर उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतात, अर्ध्या हंगामात पळतात, ती देणारा मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, बुडतो, कारखान्याचं गाळप अडतं. तेव्हा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कुणालाही कोपी, म्हणजे तळावरची झोपडी, सोडू देऊ नये. अलीकडे हे रडगाणं गाणारे एक विद्वान निर्वासितांबद्दल मात्र कळवळून बोलतात. केनियातल्या दादाबच्या छावणीबाहेर पडायला परवाना लागतो, याचं त्यांना फार वाईट वाटतं. दादाब लांब आहे आणि तिथे ऊस नाही, ही केवढी सोय!

त्यांचा सगळा भार ‘घेतले ते फेडा’ या एका वाक्यावर आहे. फेडावंच, पण किती, हे ठरवतं कोण? कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल मुकादमाच्या वहीत लिहिली जाते. तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची यांनी. वजन होतं कारखान्याच्या काट्यावर आणि हिशेब पुन्हा त्याच वहीत. ताप आला, बाळंतपण आलं की खाडा, आणि खाड्याची कपात दिवसाच्या कमाईलाही भारी पडते. हंगाम संपताना अंगावर बाकी निघते, तिच्यावर पुढच्या वर्षाची उचल चढते. ज्या कर्जाचा आकडा धनकोच्याच हातात, ते फिटेपर्यंत थांबा म्हणणं म्हणजे कधीच जाऊ नका म्हणणं. वेठबिगारी निर्मूलनाचा 1976 चा कायदा नेमकं हेच ओळखतो: उचलीच्या बदल्यात देशात कुठेही फिरण्याचा हक्क गमवावा लागत असेल, तर ती वेठबिगारी. शिवाय अशा वेठीचं कर्ज फेडण्याची जबाबदारीही तो रद्द करतो. विद्वानांनी कायदा वाचला नसेल असं म्हणवत नाही. वाचून मिटला असेल.

‘आम्ही त्यांच्या भल्यासाठीच थांबवतो’ हेही 2020 च्या टाळेबंदीत ऐकून झालं. लाखाहून अधिक तोडकरी कारखान्यांच्या तळांवर अडकले होते. गावी परतायची परवानगी मिळायला एप्रिलचा मध्य उजाडला. तोवर तोडणी चालूच होती. कोपी सोडणं धोक्याचं, फडात जाणं तेवढं निर्धोक! दोन मुकादमांकडून उचल घेणारेही असतात. त्यांच्यावर दिवाणी दावा लावा, पोरंबाळं अडवून ठेवू नका. आणि जायची मुभा दिली तर मजूर मिळणार नाहीत ही ओरड तर रोजगार हमीचा कायदा आला तेव्हाही झाली होती. त्यानंतर राज्यात ऊस वाढला की घटला, हे बागायतदारांनीच सांगावं.

करायचं काय? उचल बँकेतून द्या, काट्याची पावती कोयत्याच्या हाती द्या, खाड्याची कपात बंद करा, आणि जाणाऱ्याचा हिशेब मुकादमाने नव्हे, कारखान्याने त्याच दिवशी करून द्यावा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला तेव्हा वाटाघाटीला कारखान्यांची माणसं बसली होती. दर ठरवायला जे मालक आहेत, त्यांनी हिशेब द्यायच्या वेळी मुकादमाकडे बोट दाखवू नये.