गॅस आला, तरी चूल विझलेली नाही

आगोट जवळ आली की रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरी बेगमीची धांदल उडते. तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, मीठ, सगळे वेळेवर भरले जाते. लाकूडफाट्याची आठवण मात्र रोहिणी निघाल्यावर होते. मग कोयता घेऊन पळापळ, चार मोळ्या कशाबशा पडवीत टाकायच्या, आणि मृगापासून घरच्या बायकांनी ओल्या लाकडांपुढे फुंकणी घेऊन बसायचे.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गॅस वाडीवस्तीपर्यंत आला. चांगलेच झाले. पण म्हणून चूल गेली का? न्हाणीतल्या हंड्याखाली जाळ आहेच. भात उकडायचा तर चूलच लागते. गणपतीत, शिमग्यात घर माणसांनी भरले की मागीलदारी चूल पेटते. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले, तर स्वयंपाकही तिच्यावरच. चूल आहे हे मान्य करायचे नाही आणि सुधारायचीही नाही, हा आपला दुटप्पीपणा आहे.

केंद्र सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. नव्या चुलीने निदान पाचवा हिस्सा द्यावा, अशी अट होती. गावोगाव निर्धूर चुली बसल्या. पण बसवलेल्या चुलींचे आकडे वर गेले, दुरुस्तीला माणूस फिरकला नाही. धुराडे काजळीने तुंबले, पाइप फुटला, की चूल मोडून पुन्हा तीन दगड मांडले गेले. २००२ साली केंद्राने कार्यक्रमच गुंडाळला. दोष चुलीचा कमी, देखभालीचा जास्त होता.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते पाणी उडवण्यातच जाळ खर्ची पडतो. भांडे गार आणि घर धुराने भरलेले! म्हणून लाकूड माघ-फाल्गुनातच तोडून, मनगटाएवढे फोडून उन्हात घालावे. पावसाळ्यात ते जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचावे, वरून झाकावे, बाजूने वारा खेळता ठेवावा. पेटवणाला करवंट्या, सोडणे, सुकी झावळी असताना टायरचा तुकडा किंवा प्लॅस्टिक कशाला? काजूची टरफलेही घरच्या चुलीत नकोत. त्यांतल्या दाहक तेलाचा धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो.

चुलीचे तोंड लाकडांनी कोंबू नये. खाली लोखंडी जाळी ठेवून राख वरचेवर काढली, की हवा खालून येते, जाळ स्वच्छ लागतो आणि लाकूड कमी जळते. भांड्यावर झाकण ठेवावे, वैलावर पाणी तापत ठेवावे. धुराडे असेल तर ते आढ्याच्या वर गेलेले हवे, नाहीतर वारा धूर परत घरात ढकलतो. ते दर महिन्याला झाडावे. पाइप जिथे छपरातून जातो, तिथे वासे, रिपा आणि पेंढा यांच्यापासून अंतर राखावे. गरम राख प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा उडवीजवळ टाकू नये. थंड झाल्यावर ती माडाच्या आळ्यात घालावी.

गॅस आणि चूल एकाच खोलीत असतील तर जास्त सावध राहावे. गळणारा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, आणि आपली चूल असते जमिनीवरच. सिलिंडर तिथे नकोच.

सर्वांत महत्त्वाचे बाळंतिणीच्या खोलीचे. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद आणि आत निखाऱ्यांची शेगडी, ही रीत अजून पाळली जाते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठेलच असे नाही. शेक द्या, पण खिडकी उघडी ठेवून. आणि शेगडी बाहेर काढल्याशिवाय झोपू नका. आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी ही एक गोष्ट आवर्जून बघावी.

घरातल्या धुरामुळे होणाऱ्या हवेच्या प्रदूषणाने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तरी आपल्याकडे हा विषय ‘बायकांचा’ म्हणून सोडून दिला जातो. लाकूड तोडणारा पुरुष, घर बांधणारा पुरुष, ग्रामसभेत बोलणाराही बहुधा पुरुषच. धूर तेवढा बाईच्या वाट्याला.

१ मेच्या ग्रामसभेत रस्ते, पाणी, घरपट्टी यांच्याबरोबर चुलीचाही विषय घ्यावा. गावातल्या एकदोन कुंभार-गवंड्यांना किंवा बचत गटातल्या महिलांना चूल बांधण्या-दुरुस्त करण्याचे शिक्षण मिळावे. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पंचायत समित्यांनी तिथे मागणी नोंदवावी. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी निदान यंदा लाकडे तरी वेळेवर सुकवून ठेवावीत. त्याला कुठल्याही योजनेची मंजुरी लागत नाही.