निंदणी आणि कंबरदुखी

खरिपाची निंदणी लागली की गावोगावी कंबरदुखी डोके वर काढते. दिवसभर खुरप्यावर वाकलेल्या स्त्रियांच्या या दुखण्यास आजार मात्र कोणी म्हणत नाही. बिब्बा घालावा, पट्टा आवळावा व सकाळी पुन्हा पात धरावी, ही रीत. बिब्बा उततो, कंबर राहते तशीच! जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसंबंधी केलेल्या शिफारशींत व्यायामास स्थान आहे, पट्ट्यास नाही. अंथरूण धरू नये. सोसेल तितके चालावे, शेक घ्यावा. पाय बधिर वा दुर्बल झाल्यास, अगर लघवीवरील ताबा सुटल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

परंतु अवजार तेच राहिल्यास दुखणे परतावयाचेच. कॅलिफोर्नियात तण काढण्याच्या आखूड दांड्याच्या अवजारावर १९७५ साली बंदी आली, ती मजुरांच्या पाठीसाठीच. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपे उभ्याने चालविता येते. रोपालगतच्या तणास खुरपे लागतेच. तथापि वाकण्याचे तास घटतात. अडचण अशी की, कोळपे घ्यावयाचे की नाही हे बहुधा ज्याची कंबर दुखत नाही तोच ठरवितो. यास्तव कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी दांडा निंदणाऱ्या स्त्रियांच्याच हाती द्यावा व त्याची उंची त्यांच्या मापाने बसवावी.