‘ब्रेक फेल’ म्हणून विषय संपवू नका. हंगामाआधी ट्रकचे हवेचे पाईप कोण बघणार?

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रकची रांग लागते. त्याबरोबर दरवर्षी एक बातमीही ठरलेली असते. ट्रकचा ब्रेक फेल झाला, उतारावर ताबा सुटला, समोरच्या गाड्यांना धडक. चालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो आणि विषय संपतो. पण ब्रेक फेल झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे विचारलं जात नाही.

हवा गेली की ब्रेक गेला

अवजड ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनवरचा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांमध्ये भरतो. साधारण ८ बार, म्हणजे ट्रकच्या टायरमध्ये असते तेवढा दाब. तिथून ही हवा पाईपमधून प्रत्येक चाकापर्यंत जाते.

यातला सगळ्यात जास्त त्रास सोसणारा पाईप म्हणजे कॉम्प्रेसरमधून हवा बाहेर नेणारा. दाबलेली हवा तापते, इथे ती दीडशे अंशांच्या वरही जाते. म्हणून कंपनी इथे धातूचा पाईप किंवा उष्णता सोसणारा, वरून तारेची जाळी असलेला होस देते. तो गळायला लागला की हंगामाच्या घाईत कुणीतरी साधा रबरी पाईप क्लिप मारून बसवतं. गाडी चालू होते, खेप चुकत नाही. पण आतून ते रबर भाजत राहतं. कधी फुगून बंद होतं, कधी भरल्या गाडीत फाटतं.

पाईप फाटल्यावर हवा पूर्ण उतरली तर बहुतेक ट्रकची मागची चाकं स्प्रिंगच्या जोरावर आपोआप जाम होतात. खरा धोका अर्धवट गळतीत आहे. काटा हळूहळू खाली येतो, बजर वाजतो आणि ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणत गाडी पुढे जाते. काहींनी तर कटकट नको म्हणून बजरची वायरच काढलेली असते.

उतारावर इंजिन बंद करणं

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक गाड्या उडवल्या. सुरुवातीला ब्रेक फेल झाल्याचं सांगितलं गेलं. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं पुढे आलं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होते, नवी भरत नाही. त्यात पाईप गळका असेल तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. कुंभार्ली असो की खंबाटकी, डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणं किंवा गाडी न्यूट्रल करणं जिवावर बेतू शकतं.

जबाबदारी कुणाची?

गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागतं. पण पासिंग त्या दिवसापुरतं असतं. खराब रस्ते, जादा भार, फडातले खड्डे यांनी पाईप मधल्या काळात कधीही जाऊ शकतो. मालकाला हप्ता फेडायचा असतो, ठेकेदाराला उचल वसूल करायची असते, चालकाला खेपेवर पैसे मिळतात. गाडी दिवसभर गॅरेजला उभी राहिली तर तिघांचंही नुकसान. त्यामुळे पाईप बदलणं पुढे ढकललं जातं, आणि अपघात झाला की आत जातो तो फक्त चालक.

वाहतुकीचा करार करताना गाडीची कागदपत्रं बघितली जातात. त्याच वेळी कारखान्याच्या आवारातच फिटरकडून हवेची तपासणी करून घेतली तर फार खर्च येणार नाही. ही मागणी वाहनमालकांनी आणि सभासद शेतकऱ्यांनीही लावून धरली पाहिजे. कारण त्याच रस्त्यावरून आपली मुलं सायकलने शाळेत जातात.

तोपर्यंत एवढं तरी करा

- टाकी पूर्ण भरू द्या, सपाट जागी चाकांना उटी लावून इंजिन बंद करा. ब्रेक न दाबता पाच मिनिटं काटा बघा. काटा उतरताना दिसला तर गळती आहे.
- जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की जागा सापडली.
- रोज टाकीतलं पाणी काढा. पाण्याबरोबर काळं तेल येत असेल तर कॉम्प्रेसर दाखवा, नुसता पाईप बदलून भागणार नाही.
- पाईप बदलताना आधी टाक्यांतली सगळी हवा सोडा, मगच नट सैल करा. दाबाखालचा पाईप तोंडावर उडू शकतो.
- जुन्या मापाचा, त्याच प्रकारचा पाईप घ्या. तो सायलेन्सरला किंवा चेसीच्या धारेला घासणार नाही असा बांधा.
- काम झाल्यावर रिकामी गाडी चालवून ब्रेक बघा, मगच फडात लावा.

पाईपचा खर्च एका खेपेच्या भाड्यातून निघतो. गेलेला माणूस मात्र कुठल्याच हंगामात परत येत नाही.