दारावरून जाणारा व्यापार

पनवेल ही व्यापाराची जुनी पेठ होय. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा देशावरचा माल घाट उतरून पनवेल बंदरी येई व गलबतांनी मुंबईस जाई. पुढे १८६३ साली आगगाडी तो घाट चढली आणि हा ओघ कर्जतेच्या वाटेने निघून गेला. आमच्या वाडवडिलांनी तो जाताना पाहिला. अडवण्याचा उपाय त्यांच्या हाती नव्हता, म्हणून त्यांस दोष देता येत नाही.

१९८९ साली न्हावा शेव्याचे बंदर सुरू झाले व ओघ परत आला. सोलापूरचे टॉवेल, सूत आणि तयार कपडे कंटेनरांत भरून आमच्या दारावरून परदेशी जातात. २०२५ च्या डिसेंबरपासून विमानेही तालुक्यातूनच उडू लागली आहेत. पण आमच्या वाट्यास त्यातले काय येते? वखारीचे भाडे, ट्रकची फेरी आणि हमाली. ज्यांच्या जमिनी बंदरास व नव्या शहरास गेल्या, त्यांच्या मुलांनी याहून अधिक मागू नये काय?

कपड्याच्या व्यापारात खरी मिळकत आता कापसात नाही, सुतात तर नाहीच. ती बेतण्यात, शिवण्यात, नावात आणि दिलेली तारीख पाळण्यात आहे. १ जानेवारी २००५ रोजी जगातील कापडाचे कोटे संपले. त्यानंतर आमच्याकडून कापूस व सूत विकत घेणारा बांगलादेश तयार कपड्यांच्या निर्यातीत आमच्या पुढे गेला. (तेथे २०१३ साली राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, हेही विसरता कामा नये, मजुराच्या जिवावर केलेली स्वस्ताई आम्हांस नको.) परदेशी गिऱ्हाईक आधी नमुना पसंत करतो, रंग ताडून पाहतो, कारखान्याची तपासणी करवितो, माल आठवडाभर उशिरा गेला तर हंगाम सरतो आणि भाव पाडून मागतो. पतपत्रातील एका शब्दाची चूक झाली तरी बँक पैसा अडविते. आणि ज्याची सारी विक्री एकाच देशावर, त्याची गत काय होते ते २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने ५० टक्के जकात बसविली तेव्हा दिसले.

ही विद्या दूर नाही. २०१६ पासून आमच्याच महापालिकेच्या हद्दीत असलेल्या खारघरात राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था आहे व तेथे फॅशन व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. परंतु प्रवेश अखिल भारतीय परीक्षेने आणि शिक्षण इंग्रजीत; पेठेतील कापडवाल्याचा मुलगा किंवा घरी शिवणयंत्र चालविणारी भगिनी त्या दारी जाणार कशी? कित्येक व्यापारी म्हणतात, 'आम्ही गल्ल्यावर बसणारे, आम्हांस विलायतेशी काय कर्तव्य?' त्यांनी आपल्या दुकानातील मालावरच्या चिठ्ठ्या एकदा वाचून पाहाव्यात. विलायत गल्ल्यापर्यंत केव्हाच आली आहे!

आमची सूचना साधी आहे. व्यापारी मंडळींनी वर्गणी काढावी, संस्थेने आपले अध्यापक द्यावेत आणि निर्यातीचे कागद, पतपत्र, विमा, मापे व प्रतवारी यांचे सायंवर्ग शुद्ध मराठीत चालवावेत. त्यात स्त्रियांस निम्म्या जागा असाव्यात. जागेची सबब मात्र कोणी पुढे करू नये. पालिकेच्या शाळा सायंकाळी रिकाम्याच असतात.