हिशोब मांडवातच व्हावा

पुतण्याचं लग्न होतं. पारोळा रस्त्यावरचं मंगल कार्यालय, मे महिना, दुपारचे तीन वाजलेले. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या पंगती उठत होत्या. पैशांची पिशवी माझ्याकडे होती. आचाऱ्याचे दिले, मंडपवाल्याचे दिले, फोटोवाल्याची बाकी चुकती केली. मग बँडचे मास्तर समोर येऊन उभे राहिले. अंगात अजून तो जाड लाल कोट, काखेत क्लॅरिनेट, खालचा ओठ मधोमध फुटलेला. हळू आवाजात म्हणाले, "दादा, पोरेस्ले पैसा देना शेतस."

मी नोटा मोजायला घेतल्या, तेवढ्यात आमचे एक नातेवाईक म्हणाले, "वरात तासभर उशिरा पोहोचली, दोन हजार कापून दे." चार माणसांत वाद नको म्हणून मी कापले. मास्तर काही बोलले नाहीत. पैसे खिशात घालून जनरेटरच्या गाडीकडे निघून गेले.

रात्री आठवलं, उशीर आमच्यामुळेच झाला होता. फेटे बांधणारा आला नव्हता म्हणून नवरदेव घरातून निघाला नव्हता. बँड सकाळी आठपासून दारात उन्हात उभा होता. आठ दिवसांनी मी ते दोन हजार घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं, भिंतीच्या खुंटीवरची वही काढली आणि माझ्या नावापुढची बाकी माझ्यासमोर खोडली. त्याच पानावर आणखी अकरा नावं होती, कुठलीच खोडलेली नव्हती. काही दोन वर्षांपूर्वीच्या तिथींची होती. गावात मान असलेली, घरासमोर दोन-दोन गाड्या उभ्या असलेली माणसं.

ते पान डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून आज हे लिहितो आहे.

जळगाव-धुळ्याकडे बँडशिवाय लग्न होत नाही. हळद, मारुतीच्या दर्शनाला निघालेला नवरदेव, वरात, श्रावणात कानबाईचं विसर्जन, सगळीकडे वाजवणारा आधी लागतो. पण हा धंदा तिथींचा आहे. तुळशीचं लग्न लागल्यावर लग्नसराई सुरू होते आणि आषाढात थांबते. मधले चार महिने घरात बसून काढायचे. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राचा अस्त आला आणि ऐन उन्हाळ्यात मुख्य मुहूर्त जवळजवळ नव्हतेच. २०२० मध्ये तर मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि अख्खा हंगाम बुडाला. मास्तरांनी वाजवणाऱ्या पोरांना हंगामाआधीच उचल दिलेली होती, ती खाऊन झाली होती. इकडे यजमान इसार परत मागत होते. लग्न पुढे ढकललं तर इसाराचं काय, हे कुणीच कधी लिहून ठेवलेलं नव्हतं.

सुपारीची रक्कम ऐकली की आपल्याला मोठी वाटते. त्यातून गाडीचं भाडं, जनरेटरचं डिझेल, गणवेश आणि वाद्यांची दुरुस्ती जाते. राहतं ते पंधरा-वीस माणसांत वाटायचं. आपण बाकी आठवडाभर अडवली, की त्या पंधरा-वीस चुली आठवडाभर अडतात. कारण मास्तर पोरांना 'उद्या या' म्हणतात आणि पोरं उद्या येतात.

एका बाजूचंच बोलणार नाही. दाट तिथीला एकाच दिवशी दोन सुपाऱ्या घेणारे बँड आहेत. वीस माणसं ठरवून चौदाच आणणारे आहेत. अर्ध्या रस्त्यात वरात थांबवून जास्तीचे पैसे मागणारे आणि पिऊन वाजवायला उभे राहणारेही आहेत. अशा एकामुळे दहा चांगल्या बँडचे पैसे कापले जातात. कार्यालयांचाही यात हात आहे. 'आमच्याकडे आमचाच बँड' म्हणून अडवायचं आणि त्या बँडकडून कमिशन घ्यायचं, हे मी स्वतः पाहिलं आहे. ते कमिशन शेवटी ताशा वाजवणाऱ्याच्या मजुरीतून जातं.

यातलं पुष्कळ काही कागदावर आलं तर सुटेल. तमाशाच्या फडांनी हे केव्हाच ओळखलं. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येतात, तारीख आणि रक्कम ठरवतात, इसार देतात आणि मगच गावी परततात. तमाशा आणि बँड, दोन्हीकडे शब्द तोच, सुपारी. मग यात्रेसाठी जे पंच ठरवून, लिहून घेतात, त्यांनीच घरच्या लग्नात सगळं तोंडी का ठेवावं? १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारही करारच आहे. पण मांडव उठल्यावर तो सिद्ध कोण करणार?

दहाच्या नियमाचंही तसंच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो. वरात लांबते ती नाचणाऱ्यांमुळे. 'अजून एक गाणं' म्हणणारे आपलेच असतात. पोलीस आले की गाडी मात्र बँडवाल्याची अडते, आणि बंद केलं म्हणून पैसेही त्याचेच कापले जातात. दहाला वाद्य थांबेल आणि त्यासाठी रक्कम कापायची नाही, एवढं एक वाक्य पावतीवर असलं तर हा वादच उरणार नाही.

नोटा ओवाळण्याबद्दलही बोललं पाहिजे. दहाची नोट तोंडात धरायची आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्याने वाकून ती तोंडाने घ्यायची, यावर टाळ्या पडतात. बालगंधर्वांचं बालपणीचं शिक्षण आपल्या जळगावात झालं, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव इथे दरवर्षी होतो. गाणाऱ्याला बोलावायचं तर मानधन, प्रवास, मुक्काम आधी ठरवायचा आणि निरोप देताना हातात श्रीफळ द्यायचं, ही रीत आपल्याला चांगली माहीत आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेलं पितळ ओठांना लावणाऱ्यालाही तीच रीत लागू झाली पाहिजे. खूश होऊन कुणी बक्षीस दिलं तर ते हातात द्यावं, आणि ते मजुरीत धरू नये.

म्हणून या लग्नसराईसाठी एक विनंती आहे. बँड ठरवाल तेव्हा अर्ध्या पानाची पावती करा. तारीख, माणसं किती, तास किती, कुठून कुठपर्यंत, इसार किती, बाकी किती. उशीर यजमानाचा असेल तर जादा तासाचे किती, बँडचा असेल तर कमी किती, तिथी बदलली तर इसाराचं काय. खाली दोघांच्या सह्या. मास्तरांनीही पावतीपुस्तक छापून घ्यावं आणि एका तिथीला एकच सुपारी घ्यावी.

आणि वरात मांडवात शिरली, की अक्षता पडण्याआधी बाकी मास्तरांच्या हातात ठेवा आणि पोरांची ताटं पहिल्या पंगतीला वाढा. तुमच्या घरच्या लग्नाची बाकी कुणाच्या वहीत राहिली असेल, तर आजच जाऊन ती खोडून घ्या.